भोंगाबाईंचा नंबर

डॉक्टरबाईंनी एकदा हौसेने घंटी आणली होती. टेबलाखाली बटण, बाहेर पेशंट बसतात तिथे टिंगटाँग. ती वाजते का हे बघायला त्यांनी बटण दाबलं, नेमकी त्याच क्षणी बाहेरून पुढच्या पेशंटची हाक आली. घंटी वाजली की नाही हे आजतागायत कोणाला कळलेलं नाही.

हाक मारणाऱ्या बाईंना तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे भोंगाबाई. दुसरं नावही त्यांच्या कानावर होतं आणि त्याचा त्यांना रागही नव्हता. ज्याचा आवाज खणखणीत त्याच्या मनात काळंबेरं नसतं, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते त्या खणखणीत आवाजात सांगत. स्त्रियांच्या या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसून त्यांनी बावीस वर्षं काढली होती. खाली सायकलदुरुस्तीचं दुकान, वर जिन्याच्या डाव्या हाताला त्यांचा दवाखाना, उजव्या हाताला दातांचा. बसायच्या खोलीत भिंतीला लागून खुर्च्या आणि काचेच्या पेटीत एकच मासा. इतक्या वर्षांत त्यालाही बाळंतपणातलं बरंच कळू लागलं असावं.

हाक मारण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी सौभाग्यवती की कुमारी, मग नाव, मग तक्रार. यामागे कारण होतं. फार पूर्वी एकाच नावाच्या दोघी एकाच दिवशी आल्या, आणि पाळी जाऊन दहा वर्षं झालेल्या एका आजीबाईंचं डॉक्टरबाईंनी तोंडभरून अभिनंदन केलं. आजीबाई घरी जाऊन दोन दिवस जेवल्या नाहीत. तेव्हापासून भोंगाबाईंनी तक्रारही हाकेत घातली. पुन्हा कधी गोंधळ झाला नाही. सौभाग्यवती अमकी, तिसरा महिना, उलट्या. सौभाग्यवती तमकी, टाके काढायचे. बाया पदर सावरून उठत, सोबतच्या सासूबाई खुर्ची राखत, सगळं कसं घड्याळासारखं चाले.

या सासूबाईंचं तिथे एक खंडपीठच बसलेलं असे. सून आत गेली की त्यांना काम उरत नसे, म्हणून त्या उरलेल्या खोलीचा न्यायनिवाडा करत. "कुमारी" ही हाक आली की सगळ्या माना एकदम वळत. एखादी पोरगी आईच्या आडोशाने, ओढणी नाकापर्यंत घेऊन उठे. "कुणाची गं तू?" असा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न कोणी विचारत नसे, कारण त्याचं उत्तर आपापसात देता येत असे.

भोंगाबाई स्वतः कुमारीच होत्या. वय बावन्न. त्यांचं लग्न मोडलं वगैरे नव्हतं, राहून गेलं होतं. छत्री बसमध्ये राहते तसं. काही दिवस शोधाशोध झाली, मग पावसात भिजायची सवय झाली. त्या मोठ्या भावाकडे, मागच्या खोलीत राहत. घरात दादा, वहिनी आणि एक भाची, वय वर्षं एकोणीस, हिशेबाचा अभ्यासक्रम शिकणारी, जीभ आत्याच्या वळणावर गेलेली.

ही भाची एका दुपारी कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. मैत्रिणींनी रिक्षात घालून घरी आणलं. चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा. वहिनींनी गरम पाण्याची पिशवी भरली आणि शेजारी कळायला नको म्हणून खिडकी लावून घेतली.

"महिन्याचं आहे," वहिनी म्हणाल्या. "मलाही व्हायचं. लग्न झालं की आपोआप बरं होतं."

दादा उठून फाटकाची कडी लागली आहे का बघायला गेले. असा विषय निघाला की दादांना नेहमी फाटकाची कडी आठवत असे. इतकं लक्ष ठेवलेली कडी गल्लीत दुसरी नव्हती.

भोंगाबाई भाचीच्या उशाशी बसल्या. पोरीने पाय पोटाशी घेतले होते आणि उशीचा कोपरा दातांत धरला होता. हे गेल्या वर्षापासून चालू होतं हे तेव्हा कळलं. दर महिन्याला तीन दिवस कॉलेज बुडे. मैत्रिणीने सांगितलं म्हणून आधी लिंबू बंद केलं होतं; मग मोबाइलवरच्या कोणा बाईने सांगितलं म्हणून लिंबूच लिंबू चालू केलं होतं.

"इतकं होतंय आणि तू लिंबू चोखतेस?" भोंगाबाई म्हणाल्या. "अगं, तुझी आत्या बायकांच्या दवाखान्यात बसते. उद्या ये. नंबरसुद्धा लावायला नको."

"नाही येणार."

"का?"

"तू आहेस म्हणून."

भोंगाबाईंना वाटलं, दुखण्यात बडबडतेय. पण भाचीने उशी सोडली, घसा साफ केला आणि अगदी हुबेहूब हाक मारली. "कुमारी अमुकतमुक, पाळीची तक्रार, अंगावरून फार जातं, आत या." पलीकडे स्वयंपाकघरात वहिनींच्या हातातलं झाकण पडलं.

"मागच्या वर्षी आले होते मी," भाची म्हणाली. "जिना चढून वरपर्यंत. तू कुणाला तरी हाक मारत होतीस. ती मुलगी उठली ना, तेव्हा सगळ्या बायका तिच्याकडे अशा बघत होत्या, जशी काही ती तिथेच बाळंत होणार आहे. मी तशीच खाली उतरले आणि सायकलवाल्याला चाकात हवा भरायला सांगितली."

"तुझ्याकडे सायकल कुठे आहे?"

"त्यानेही हेच विचारलं."

भोंगाबाईंना राग आला, आणि तो कोणावर काढावा हे ठरेना. बावीस वर्षांत त्यांच्या आवाजाबद्दल तक्रार करणारं हे पहिलं माणूस, आणि तेही घरचं. रात्री त्यांनी मनातल्या मनात बरीच उत्तरं दिली. सकाळी टेबलाशी बसल्यावर मात्र त्या नकळत जिन्याकडे बघू लागल्या.

बघायला लागल्यावर दिसलं. दुपारी दोन मुली वरच्या पायरीपर्यंत आल्या, आत डोकावल्या, खंडपीठाने माना वळवल्या, मुली खाली. एक जण टेबलापर्यंत पोचली आणि डोकं दुखतंय म्हणून गोळी मागून गेली. भोंगाबाईंना आठवलं, की डोकेदुखीच्या अशा पोरी नेहमीच येत. या शहरातल्या मुलींची डोकी नाजूक, असं त्या समजून चालल्या होत्या. आणि गेल्याच वर्षी एक जण आली होती, पण तापाने फणफणलेली, स्ट्रेचरवर. कुठली तरी जळजळ सहा महिने अंगावर काढून, मैत्रिणीच्या मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या खाऊन. तेव्हा खोलीत सगळ्या म्हणाल्या होत्या, वेळेवर यायला काय झालं होतं हिला. भोंगाबाईही म्हणाल्या होत्या. सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

तर त्यांनी तोडगा काढला. तोडगा काढण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. दोन दवाखान्यांच्या मधे एक चिंचोळी खोली होती. उपकरणं उकळायचं यंत्र तिथे होतं आणि त्याचा खर्च दोघांत होता, दोन्हीकडून दार. दाताचे डॉक्टर मनुष्य सज्जन, पेशंट बेताचे, खुर्च्या रिकाम्या. भोंगाबाई त्यांना म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्याकडे काही मुली बसतील. दात चांगले आहेत त्यांचे. बघू नका." डॉक्टरांनी मान डोलावली. खोली भरलेली दिसली तर त्यांनाही हवीच होती.

म्हणजे असं, की मुलीने दातांच्या दवाखान्यात यायचं, मासिक चाळायचं. भोंगाबाई मधल्या खोलीतून येऊन तिच्या कानात सांगतील, आणि मग तिने मागच्या मागे उकळत्या भांड्यांजवळून थेट डॉक्टरबाईंकडे जायचं. प्रश्न होता तो कानात सांगण्याचा. भोंगाबाईंनी आयुष्यात प्रथमच कुजबुज करायला घेतली होती. पहिल्या प्रयत्नात आतल्या खुर्चीतला पेशंट इतका दचकला, की त्याने तोंड मिटलं, आणि तेव्हा डॉक्टरांची दोन बोटं आत होती. महिनाभरात मात्र कुजबुज जमली. त्यानंतर शहरातल्या तरुण मुलींच्या दातांचा विषय निघाला की चार बायका हळहळू लागल्या. पोरी गोड फार खातात, असा निष्कर्ष निघाला.

भाची पहिल्याच आठवड्यात आली. अट एकच, आईला सांगायचं नाही. एका स्थळाची बोलणी सुरू होती, आणि आई म्हणणार, लग्नापर्यंत थांब. डॉक्टरबाईंनी पोटावरून यंत्र फिरवून बघितलं. अंडाशयावर गाठ होती, लिंबाएवढी. भाची म्हणाली, लिंबू खाल्ल्यामुळे का? डॉक्टरबाई हसल्या आणि नाही म्हणाल्या. अजून उशीर झालेला नाही, म्हणाल्या. सहा महिने रोज एक गोळी, एकही दिवस चुकवायची नाही; बहुतेक एवढ्यावर आटोक्यात राहील. वर्ष-दोन वर्षं अशीच गेली असती तर मात्र ऑपरेशन, आणि पुढे मूल हवं झालं असतं तेव्हा कटकट.

घरी सांगितलं, दाढ किडली आहे. वहिनींनी दोन दिवस भात मऊ शिजवला.

दोन महिने बरे गेले. भाचीच्या गालांवर रंग आला, कॉलेज बुडेना. भोंगाबाईंनी स्वतःवर खूश होऊन नवी चप्पल घेतली.

मग शेजारणीची दाढ दुखू लागली.

शेजारीण गाल धरून अंगणात आली, आणि वहिनी परोपकारी. "थांबा, आमच्या पोरीला दाताच्या डॉक्टरांनी फार गुणाच्या गोळ्या दिल्यात," असं म्हणत त्यांनी भाचीच्या पिशवीतून पाकीट काढून आणलं. शेजारणीने पाकीट उलटसुलट करून वाचलं आणि गालावरचा हात काढला. दाढ विसरली असावी.

"अहो, या दातांच्या नाहीत," ती म्हणाली. "या मी दुसऱ्या मुलानंतर घेत होते. तिसरं होऊ नये म्हणून."

संध्याकाळी भोंगाबाई घरी आल्या, तेव्हा दादा फाटकाशी उभे होते आणि कडी लावलेली होती. आत भाची रडत होती. वहिनींनी पाकीट कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं आणि किल्ली कमरेला खोचली होती.

"वन्सं, तुम्ही होतात ना यात?" वहिनी म्हणाल्या.

"होते. वहिनी, गोळ्या त्याच आहेत, पण कारण वेगळं आहे. तिला गाठ आहे."

"गाठीचं होतं तर दाढ कशाला सांगितलीत? दुसऱ्याच्या दवाखान्यातून, मागच्या दाराने, चोरून. सरळ काम माणूस पुढच्या दाराने करतो."

हे वाक्य आपलंच आहे, असं भोंगाबाईंना वाटलं. फक्त वहिनींच्या तोंडून आलं होतं. तोडगा त्यांनी नामी काढला होता, फक्त त्यात एक खोट राहिली होती. लपवून आणलेलं औषध सापडतं तेव्हा ते औषध राहत नाही, पुरावा होतो.

"आणि डॉक्टरबाईंचं कौतुक मला सांगू नका," वहिनींचा आवाज चढला. "बावीस वर्षं दारात बसलाय तुम्ही. आत कधी गेलात? स्वतःसाठी? नाही ना? कारण तुम्हालाही माहीत आहे, बिनलग्नाच्या बाईचं तिथे काही काम नसतं."

हेही खरं होतं. टेबलामागे भिंतीवर एक कागद होता, भोंगाबाईंनीच खुर्चीवर चढून लावलेला. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीने वर्षातून एकदा तपासून घ्यावं, असं त्यावर लिहिलं होतं. दर वर्षी डॉक्टरबाई विचारत, "ताई, तुमचं कधी?" दर वर्षी भोंगाबाई म्हणत, "माझं काय असायचंय." प्रत्येक स्त्रीमध्ये आपण येतो, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. खोलीतल्या सौभाग्यवतींच्या देखत ते दार लोटून आत जायचं, आणि मग त्या विचारणार, हिला काय झालं, ही तर... हे वाक्य पुढे कुठे जातं, ते त्यांना भाचीइतकंच पाठ होतं.

चौथ्या दिवशी भाची पुन्हा पोट धरून भिंतीला टेकली. गोळ्या कपाटात, दुखणं बाहेर. कुलूप लावताना वहिनींनी याचा विचार केलेला नव्हता. भोंगाबाई स्वयंपाकघराच्या दारात गेल्या.

"वहिनी, उद्या हिला घेऊन या. पुढच्या दाराने. डॉक्टरबाईंच्या तोंडून ऐका आणि मग पाहिजे तर गोळ्या चुलीत घाला, मी काडी ओढून देते."

"येणारच आहे. जाबच विचारायचाय मला."

"लवकर या. गर्दीच्या वेळी."

"गर्दीच्या वेळी कशाला?"

"जाब विचारायचाय ना? मग चार माणसं नकोत?"

दुसऱ्या दिवशी खंडपीठ पूर्ण भरलं होतं. वहिनी भाचीला घेऊन आल्या आणि माशाच्या पेटीजवळ बसल्या. जाब विचारायला आलेल्या वहिनींचा पदर बसल्याबरोबर डोक्यावरून कपाळावर आणि कपाळावरून नाकावर आला. भाची जमिनीकडे बघत होती. कोपऱ्यातल्या एका सासूबाईंनी पुढे वाकून विचारलंच, "मुलगी का तुमची? लग्न झालंय?"

"दात दुखतोय तिचा," वहिनी म्हणाल्या. चार दिवस त्या दाढेवरून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि वेळ आली तेव्हा त्यांच्याच तोंडून दात बाहेर पडला. आपण काय बोललो हे कळून त्या माशाकडे बघू लागल्या.

भोंगाबाईंनी हे ऐकलं. आतली बाई बाहेर आली, दार उघडं राहिलं, पुढच्या हाकेची वेळ झाली. त्या उठून उभ्या राहिल्या, साडी सारखी केली, आणि बावीस वर्षांत मारली नव्हती अशी हाक मारली. खाली सायकलवाल्याने वर बघितलं म्हणतात.

"कुमारी," त्या म्हणाल्या आणि त्यापुढे स्वतःचं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. "वय बावन्न. तक्रार काही नाही. आत या."

आणि आत गेल्या.

खोलीतल्या सगळ्या माना दाराकडे वळल्या, माशाचीसुद्धा. भोंगाबाई बऱ्याच वेळाने बाहेर आल्या, तोवर कोणी जागचं हललेलं नव्हतं. त्या टेबलाशी येऊन बसल्या आणि पाणी प्यायल्या.

"काय झालंय हो ताई तुम्हाला?" कोपऱ्यातल्या सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही झालेलं. ते कळायलाच गेले होते. रक्तदाब जरा जास्त आहे. डॉक्टरबाई म्हणतात, आवाज कमी करा." मग त्यांनी सासूबाईंकडे नीट बघितलं. "तुम्ही शेवटचं कधी दाखवलंत? चार वर्षं सुनांना घेऊन येताय."

सासूबाई म्हणाल्या, त्यांचं आता काय असायचंय. भोंगाबाई म्हणाल्या, "हो, मीही असंच म्हणायचे," आणि त्यांचा नंबर लावून टाकला.

मग त्यांनी भाचीकडे बघितलं. कुमारी नाही, तक्रार नाही. नुसतं घरातलं हाक मारायचं नाव, तेही घरातल्याच आवाजात. भाची उठली आणि चालू लागली. वहिनी तिच्या मागे. पदर अजून नाकावर होता, पण दाराशी तो आतल्या पंख्याने उडाला आणि त्यांनी सावरला नाही.

आत जाबाला बराच वेळ लागला. दार बंद असल्यामुळे खंडपीठाला काही ऐकू आलं नाही. वहिनी बाहेर आल्या, त्यांच्या हातात डॉक्टरबाईंनी कागदावर काढून दिलेलं गाठीचं चित्र होतं. ते त्यांनी भोंगाबाईंच्या टेबलावर ठेवलं.

"हे आधी दाखवलं असतंत, तर मी कशाला..." वहिनी म्हणाल्या आणि वाक्य तिथेच सोडलं. "मला पण असंच व्हायचं, वन्सं. एकदा तर शेतावर नाही का, तुमच्या आईंनी मला खाटेवर..." तेही सोडलं. मग कमरेची किल्ली काढून त्यांनी भाचीच्या हातात दिली.

दातांच्या दवाखान्यातली गर्दी एकदम ओसरली नाही. पुढच्या दाराने यायला सगळ्यांना काही आत्या नसते. म्हणून मधली खोली भोंगाबाईंनी बंद केली नाही. पण हाकेतून तक्रार काढून टाकली, आणि सौभाग्यवती-कुमारीही काढून टाकलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, पुन्हा एका नावाच्या दोघी आल्या तर? भोंगाबाई म्हणाल्या, "आत आल्यावर विचारा. आणि चुकून अभिनंदन झालंच, तर ते परत घेता येतं."

स्थळाकडच्यांना वहिनींनी स्वतःच सांगितलं, की मुलीचं औषध चालू आहे, अभ्यासही चालू आहे, घाई नाही. स्थळ विचार करून कळवतो म्हणालं आणि अजून विचार करतंय. भाचीला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. तिने परीक्षा दिली.

संध्याकाळी चहाच्या वेळी आता त्या घरात एक हाक ऐकू येते. स्वयंपाकघरातून निघते, अंगण ओलांडते आणि पलीकडच्या घराच्या भिंतीवर आपटून परत येते.

"गोळी घेतलीस का गं?"

"हळू, वहिनी," भोंगाबाई म्हणतात. "गल्ली ऐकतेय."

"ऐकू दे," वहिनी म्हणतात. "कसली म्हणून विचारलं तर पाळीची म्हणून सांगते. मागच्या दाराने काही नाही आपलं."

दादा पेपर बाजूला ठेवून फाटकाकडे निघतात. परवा मात्र अर्ध्या वाटेवरून परत फिरले, पाण्याचा पेला भरला आणि पोरीच्या हातात दिला. कडी उघडीच राहिली.